पुतळीवहिनीच्या नावाचं खातं

साखरशेत
बुधवार, ६ ऑगस्ट २०२५

प्रिय पुतळीवहिनीस,

सपनाचा नमस्कार. इकडे आम्ही सगळी बरी आहोत, तिकडे खोडाळ्याला तुम्ही सगळी बरी असाल असं धरून चालते. सरूचा खोकला गेला का? तिचा पिवळा फ्रॉक इथेच राहिलाय, धुऊन ठेवलाय.

पत्र बघून तुला हसू येईल. आजकाल पत्र कोण लिहितं? पण मी चंदूदादाला चार वेळा फोन केला आणि चारही वेळा तुझ्या भावाने एकच सांगितलं, "ती वावरात गेली." एवढी वावरात असतेस तर तुमची नागली यंदा माणसाएवढी झाली असेल! शेवटी म्हटलं कागदच बरा. खोडाळ्याच्या बाजाराला जाणाऱ्या जीपवाल्याकडे देते आहे.

आपली भाताची आवणी उरकली एकदाची. तू गेलीस तेव्हा खालची दोन खाचरं राहिली होती, ती सावडीच्या बायकांनी येऊन लावली. तू त्यांच्या वावरात आधी राबून आली होतीस, म्हणून त्या आल्या. पण गाणं कुणी धरलं नाही. आई वाकली की कंबर धरते आणि तुझं नाव घेते. दादा तुझं नाव घेत नाही. तो रागावला की कसा बोलतो ते तुला माहीत आहे. मनाला लावून घेऊ नकोस.

माझी नोकरी एक तारखेपासून सुरू झाली. जव्हारच्या बाहेर जे नवीन रिसॉर्ट झालंय तिथेच, काउंटरवर. काळा कोट घालून उभी राहते. आई म्हणाली, वकीलीण दिसतेस. पाहुणे येतात, मी "गुड मॉर्निंग सर" म्हणते, ते धबधब्याची वाट विचारतात, मी इंग्रजीत सांगते. पहिल्या दिवशी जीभ अडखळली, आता नाही अडखळत.

बँकेच्या प्रकरणाचं म्हणशील तर ते मिटेल. तुझं खातं अजून बंदच आहे. पण अशी खाती पुष्कळांची बंद होतात आणि मग सुरूही होतात. माझी ॲपवरची मैत्रीण मार्था असं काही करील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. माझी पण फसवणूकच झाली ना? माझ्या खात्याचं केवायसी राहिलं होतं, नाहीतर मी तुझं खातं मागितलंच नसतं. दादाला सांगायचंय, पण आत्ता त्याच्या डोक्यात राख आहे. योग्य वेळ बघून सांगेन.

तू बाकी मनात काही ठेवू नकोस. गौरी जवळ आल्या. तुझ्याशिवाय पाड्यातल्या बायका नाचायला उभ्या तरी राहतील का?

सरूला गोड पापा. चंदूदादाला नमस्कार सांग.

तुझी लाडकी नणंद,
सपना

*

साखरशेत
रविवार, २४ ऑगस्ट २०२५

पुतळीवहिनी,

नमस्कार. तुझं उत्तर आलं नाही. यायला नकोच होतं. ते पत्र मला पाठ आहे आणि त्यातली बरीच वाक्यं खोटी आहेत. तुला ती वाचतानाच कळली असतील. तरी मी ती तुला लिहिली, याची मला जास्त लाज वाटते.

फोन करता आला नसता. माझा फोन परवापासून जव्हारच्या पोलिसांकडे जमा आहे. का, ते पुढे लिहिते. एका दमात लिहायला जमत नाहीये. सकाळपासून दोन कागद फाडले.

सगळं पहिल्यापासून लिहिते. तुला अर्धंच माहीत आहे.

फेब्रुवारीत मी ते भाषा शिकायचं ॲप घेतलं. त्यात आपण आपली भाषा समोरच्याला शिकवायची आणि त्याने त्याची आपल्याला. पैसे नाहीत. मला ते लगेच पटलं, कारण ही तर आपली सावडच झाली. आज तू माझ्या वावरात, उद्या मी तुझ्या. मार्था म्हणाली, मी कॅनडाची, रिटायर्ड टीचर, मला मराठी शिकायची आहे. फोटोत पांढरे केस, चष्मा, मांडीवर मांजर. मी "नमस्कार"पासून सुरुवात केली.

वहिनी, तीन महिन्यांत त्या बाईने मराठीचा एक शब्द शिकला नाही. मी विचारलं की म्हणायची, आज तुझं इंग्लिश करू, मराठी उद्या. रोज माझी वाक्यं दुरुस्त करायची. मुलाखतीत काय विचारतील, आपण काय सांगायचं, सगळं तिने घोटून घेतलं. ती माझ्याच वावरात राबत राहिली आणि मला तिच्या वावरात बोलावतच नव्हती. माझ्यावर तिचं देणं चढत चाललं होतं. आपल्यात एका दिवसाची सावड अंगावर राहिली तरी आई चार ठिकाणी सांगत सुटते, "त्यांचा दीस देयाचा रायला." माझ्या अंगावर तर नव्वद दिवस होते.

म्हणून मे महिन्यात ती म्हणाली, "सपना, एक छोटी मदत हवी आहे," तेव्हा मला बरंच वाटलं. फेडायला मिळतंय म्हणून. तिचे इंडियातले विद्यार्थी तिला फी देतात, पण तिचं इथे खातं नाही. ते पैसे माझ्या खात्यात येतील, मी ते तिच्या दिल्लीच्या मैत्रिणीला पुढे पाठवायचे. एवढंच. पोलीस स्टेशनच्या मॅडम परवा म्हणाल्या, "ओळख वाढवतात, उपकार करतात आणि मग काम सांगतात. तुम्हाला कळलं नाही?" मी त्यांना सावडीचं सांगितलं. त्या इकडच्याच आहेत. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "सावड माणूस बघून घालतात, सपना. ज्याच्या घरी आपण भाकर खाल्ली त्याच्याशी."

आता खात्याचं.

माझ्या खात्याचं केवायसी राहिलं नव्हतं. जानेवारीतच झालं होतं. माझं खातं अगदी चालू होतं आणि मी ते दिलं नाही, कारण मला भीती वाटली.

हेच ते, जे मी कुणाला सांगितलं नव्हतं. मला संशय आला होता. आधीच आला होता. मार्थाने दुसऱ्याच आठवड्यात मला ॲपवरून काढून दुसरीकडे बोलायला लावलं. कधी व्हिडिओ कॉल केला नाही. कॅमेरा बिघडलाय म्हणे, तीन महिने. एकदा घाईत तिने "ठीक है जी" असं लिहिलं आणि लगेच पुसलं. कॅनडाची बाई "जी" म्हणते का? मी वाचलं आणि न वाचल्यासारखं केलं. ॲपवर तर लाल पट्टीत लिहून यायचं, अनोळखी माणसाने पैशाचं काढलं तर थांबा, कळवा. ती पट्टी मी बोटाने बाजूला सारली. आणि ती म्हणाली होती, घरी सांगू नको, लोक गैरसमज करून घेतात.

तेव्हा मी बसून विचार केला, वहिनी. नीट विचार केला. माझं खातं दिलं आणि काही वाकडं झालं तर मिळू पाहणारी नोकरी जाईल, पोलीस व्हेरिफिकेशन अडकेल. मग तुझं खातं आठवलं. तुझ्या खात्याला नंबर माझाच लावलेला आहे, कारण तेव्हा घरात एकच फोन होता आणि फॉर्म मीच भरला होता. पाड्यातल्या निम्म्या बायकांच्या खात्याला असाच कुणाच्या तरी लेकीचा नाहीतर पुतण्याचा नंबर आहे. तुझ्या खात्यात काय झालं ते तुला कळणारच नव्हतं, मला कळणार होतं. मी कार्ड मागितलं. तू तांदळाच्या डब्यामागून काढून दिलंस. कशाला, ते विचारलं नाहीस. म्हणालीस, "तुना लागतं ता घे."

पैसे पाच वेळा आले आणि पाचही वेळा मी पुढे पाठवले. तेही पूर्ण नाही. मार्था म्हणाली, तुझ्या श्रमाचे थोडे ठेव. मी ठेवले. त्यातून मी ते काळे बूट घेतले. तुला सांगितलं होतं की मैत्रिणीने दिले. मुलाखतीच्या दिवशी सकाळी तू त्यांना खोबरेल लावून फडक्याने पुसलंस आणि म्हणालीस, "माझी नणंद सायबीण दिसं." त्याच बुटांत मी तीन आठवडे काउंटरवर उभी होते.

ज्या बाईने तक्रार केली, तिचं मॅडमनी सांगितलं. विदर्भातली कुणी रिटायर्ड शिक्षिका. नातू परदेशात आहे, त्याला मराठी येत नाही, म्हणून ती तशाच एका ॲपवर इंग्रजी शिकत होती. तिथल्या मैत्रिणीने तिला भेट पाठवली म्हणे, ती भेट विमानतळावर अडकली, सोडवायला पैसे भर. तिने भरले ते तुझ्या खात्यात आले आणि माझ्या बोटांनी पुढे गेले. मी त्या पत्रात लिहिलं होतं, माझी पण फसवणूकच झाली. नाही. फसली ती. मी फसवणाऱ्यांच्या कामाला होते.

आता सतरा जुलै.

नोटीस घेऊन पोलीसपाटील आले तेव्हा दादा नुकताच वावरातून आला होता, पायाला चिखल तसाच. कागदावर तुझं नाव. पोलीसपाटलांनी वाचून दाखवलं, तुझ्या खात्यात फसवणुकीचे पैसे आले आणि पुढे गेले. दादा तुझ्याकडे वळला आणि अंगणात सगळ्यांसमोर म्हणाला, "कोनाशी बोलतंस तू फोनवर? कोन हाय तो?" पाड्यातल्या बाया कुडापाशी उभ्या होत्या. तू माझ्याकडे पाहिलंस. मी भाजी चिरत होते. दादाने मला विचारलं, "सपने, तुना काय ठावं?" आणि मी म्हणाले, "मला काय माहीत, वहिनीलाच विचार."

हे वाक्य मी लिहून बघितलं. बोलताना सहज निघालं होतं, लिहायला अर्धा तास लागला.

तू म्हणालीस, "मना ठावं नाय" एवढंच. दुसऱ्या दिवशी बोअरवर हंडा भरताना तू मला हळूच म्हणालीस, "तू सांगशील कनी?" रागाने नाही. जणू मीठ संपलंय, आणशील ना, असं विचारतात तसं. मी म्हटलं, हो, उद्या. तू अठराला वाट पाहिलीस, एकोणीसला पाहिलीस, विसाव्या तारखेला दुपारपर्यंत पाहिलीस. दादा घरात आला की तू आधी माझ्याकडे बघायचीस. मी दर वेळी काहीतरी काम काढून बाहेर जायचे. मग तू सरूला घेऊन निघालीस. ऐन आवणीत. आवणीत घर सोडून कुणी बाई जात नाही, म्हणून पाड्याला वाटलं तू खरंच काहीतरी केलंस. मी तुला जाताना पाहिलं. मागच्या दारात होते.

तू मला का नाही उघडी पाडलीस? एक वाक्य पुरलं असतं. मी खूप विचार केला आणि मला वाटतं, तुला माझी नोकरी जायला नको होती. पण असंही वाटतं की तू सांगितलं असतंस तरी तुझं कुणी ऐकलं नसतं. शिकलेली मी होते. ॲप, ओटीपी, केवायसी हे सगळं माझ्या तोंडचं. मी खोटं म्हटलं असतं तर तू खोटी ठरली असतीस. मला हे तेव्हाही कळत होतं.

गेल्या आठवड्यात दादा आईला म्हणाला की गौरी बोळवल्या की चार माणसं बसवायची आणि काडीमोड करून टाकायची. आई रडली. म्हणाली, पोरीचं काय? दादा म्हणाला, "पोर माझी. ती राहील हितं." मी जेवत होते. इतके दिवस मी स्वतःला सांगत होते की वहिनी माहेरी गेलीय, येईल चार दिवसांनी, तोवर मी सांगेन. आता तुझं घर मोडायचं ठरत होतं, सरू तुझ्यापासून तोडायचं ठरत होतं, आणि ते माझ्या एका वाक्यावर चाललं होतं.

तरी मी आणखी दोन दिवस गप्प राहिले. हेही लिहायलाच पाहिजे. मी लगेच शहाणी झाले असं समजू नकोस.

शुक्रवारी रिसॉर्टला सुट्टी घेतली. दादा वरच्या वावरात नागलीतलं गवत काढत होता. मी पण त्याच्या बाजूला बसून उपटायला लागले. त्याच्या तोंडाकडे न बघता सगळं सांगितलं, मार्थापासून बुटांपर्यंत. मला वाटलं मारेल. त्याने मारलं नाही. तो बराच वेळ गवत उपटत राहिला, मग बघितलं तर नागलीची रोपंही उपटत होता. मग बांधावर बसला आणि म्हणाला, "मी तिना काय काय बोललो गं." तेवढंच दोनदा म्हणाला. त्याला तेव्हाच मोटारसायकल काढून खोडाळ्याला यायचं होतं. मी म्हटलं, आधी पोलीस. आधी कागदावर येऊ दे, नाहीतर वहिनीला वाटेल तोंडाची वाफ आहे.

दुपारी आम्ही दोघं जव्हारला गेलो. मॅडमनी जबाब लिहून घेतला. सगळं झाल्यावर त्यांनी विचारलं, "खातं वहिनीचंच का? तुमचं का नाही?" केवायसीचं उत्तर जिभेवर तयार होतं, वहिनी. शपथ घेऊन सांगते, अगदी ओठांपर्यंत आलं होतं. दादा शेजारी बसला होता. मी म्हटलं, "मला संशय होता, म्हणून माझं दिलं नाही." मॅडम म्हणाल्या, "हे लिहिलं तर तुमच्यावर येईल. लिहू?" मी म्हटलं, लिहा.

मग माझा फोन जमा केला. मार्थाचे सगळे मेसेज त्यात आहेत. बुटांचे धरून मी ठेवलेले पैसे त्या शिक्षिकेला परत द्यायचे आहेत, ते मी अर्जात लिहून दिलंय. मला पुन्हा बोलावतील. केस माझ्यावर होईल की मी साक्षीदार होईन, ते वरचे ठरवतील. तुझ्या नावाचं पत्र बँकेला जाईल, मग तुझं खातं उघडेल आणि शेळ्यांसाठी ठेवलेले तुझे पैसे सुटतील. वेळ लागेल म्हणाल्या. खातं उघडलं की पहिलं काम, माझा नंबर काढ. चंदूदादाला घेऊन बँकेत जा आणि तुझ्या स्वतःच्या फोनचा नंबर लाव. दादा तुला फोन घेऊन देणार आहे. नाही दिला तर भांडून घे.

नोकरीचं लिहायचं राहिलं. काल मॅनेजरना सगळं सांगितलं. ते वाईट बोलले नाहीत, पण म्हणाले, पोलिसांचं मिटेपर्यंत येऊ नका. कोट परत दिला. मला तुझ्याकडून यावर "अरेरे" नकोय. एवढ्यासाठी तुझं घर मोडायला निघाले होते, ते हातात धरून बघितलं तर एक कोट होता.

दादा येईल. गुरुवारी येतो म्हणाला. त्याला आत घ्यायचं की अंगणातच उभा ठेवायचा, ते तुझं तू बघ. तिथे काय बोलायचं ते त्याने मला विचारलं, मी म्हटलं, मला विचारू नको, माझ्या शब्दांनी आधीच एक घर बिघडवलंय.

ती चार माणसं मात्र बसणार आहेत. दादा म्हणाला होता, आता कशाला. मीच म्हटलं, बसू दे. काडीमोडीला नाही. ज्या अंगणात तुला विचारलं गेलं त्याच अंगणात, कुडापाशी उभ्या राहिलेल्या त्याच बायांसमोर, मी काय केलं ते मी सांगणार आहे. ते दंड लावतील तर त्यांना पाहिजे तो दंड मी भरेन. त्या दिवशी तू आलीच पाहिजेस असं नाही. तू नसलीस तरी तुझं नाव मी घेणार आहे, आणि ते वाकडं घेणार नाही.

माफ कर असं लिहायला हात उचलत नाही. माफी मागितली की तुला उत्तर द्यावं लागतं, आणि तुझ्याकडून मी आणखी काही मागणार नाही. तुला वाटलं तर हे पत्र चंदूदादाला आणि तुझ्या बाबांना मोठ्याने वाचून दाखव. वाटलं नाही तरी दाखव. त्यांच्या कानावर तुझ्याबद्दल जे गेलंय, त्यावर एवढाच कागद आहे.

पत्राच्या शेवटी नातं लिहायची रीत आहे. मागच्या वेळी "लाडकी" म्हणून लिहिलं होतं. आज नुसतं नाव लिहिते. आजवर तुझं पुढे केलं, या वेळी माझं.

सपना